चिनी अक्षरे : कथाचित्र पद्धत

चिनी अक्षर घटकांत फोडायचे, प्रत्येक घटकाला एकच कायमचे चित्र द्यायचे आणि त्या चित्रांची छोटी गोष्ट डोळ्यांसमोर आणून अक्षर लक्षात ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. चीनच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ अक्षरे आहेत. त्यांतली नित्याची ३,५०० सुद्धा नुसती गिरवून बसत नाहीत. घटक त्या मानाने थोडे. १७१६ च्या खांगशी कोशाने सगळी अक्षरे २१४ मूलघटकांखाली लावली आहेत.

मराठी माणसाची खरी अडचण सुराची. सूर बदलला की अर्थ बदलतो, हे आपल्या कानाला नवे. म्हणून गोष्ट कुठे घडते यावरून सूर ठरवतात. खानदेशात जागा आयत्या मिळतात. पहिला सूर उंच आणि सपाट, त्याला मातीचे धाबे, म्हणजे घराचे सपाट छत. दुसरा चढता, त्याला सातपुड्याचा घाट. तिसरा उतरून चढणारा, त्याला गिरणेचे पात्र (भरभर बोलताना हा बहुधा तळाशीच राहतो). चौथा झपकन पडणारा, त्याला विहीर.

केळ्याचे अक्षर घ्या. उच्चार ‘च्याओ’, सूर पहिला, रेघा १५. वर गवत (३), मध्ये आखूड शेपटीचे पाखरू (८), तळाला चार टिंबे म्हणजे आग (४). गोष्ट अशी: रावेरकडच्या एका धाब्यावर पाखरू आगीत होरपळतेय, डोक्यावर गवताचा भारा, आणि खालून कुणी ओरडतेय, “च्या ओत, च्या!” धाब्यावरून सूर मिळाला, ओरडण्यातून उच्चार. रोमन लिपीत हा उच्चार ‘जे’ने लिहितात, म्हणून आपण ‘ज्याओ’ वाचतो. खरा वर्ण चहातला च. ‘चाव’ हा शब्द आधाराला घेतला तर चुकेल, कारण चावण्यातला च वेगळा.

यातले पाखरू आणि आग मिळून ‘करपलेले’ या अर्थाचे स्वतंत्र अक्षर होते आणि त्याचा उच्चारही च्याओच. गवताऐवजी डावीकडे दगड लावला तर समुद्रातला खडक, उच्चार तोच. झाड लावले तर लाकूडतोड्या, पण आता ‘छ्याओ’, सूर दुसरा. बहुतेक चिनी अक्षरे अशीच, अर्थाचा एक भाग आणि ध्वनीचा एक. त्यामुळे गोष्ट रचण्याआधी ध्वनीचा भाग शोधावा. तो सापडला तर गोष्टीचे अर्धे काम वाचते. घोडा ‘मा’ हा ध्वनी देतो. सारंगखेड्याच्या बाजारातला घोडा बाईने धाब्यावर चढवला की ‘आई’ (पहिला सूर). विहिरीत पडला आणि काठावर दोन तोंडे ओरडू लागली की ‘शिव्या देणे’ (चौथा).

चुका ठरलेल्या. एकाच घटकाला आज एक चित्र, उद्या दुसरे. मग जुन्या गोष्टी कोसळतात. पारंपरिक (सोपी न केलेल्या) लिपीत घोडा आणि मासा यांच्या तळाशीही चार टिंबे असतात, तिथे आग पेटवू नये. ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’ या अक्षरांत फरक फक्त वरच्या आडव्या रेघेचा: पहिल्यात आखूड, दुसऱ्यात लांब. अशी जोडी एकाच दिवशी घेऊ नये.

दिवसाला १० अक्षरे पुरेत. गोष्ट दोन वाक्यांची, डोळे मिटून अर्धा मिनिट, मग न बघता एकदा लिहिणे. उजळणी दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी, तीही अर्थावरून अक्षराकडे. उलट दिशेने ओळख पटते, हात मात्र अडतो. अक्षर झटकन आठवू लागले की गोष्ट सोडून द्यावी.