अडसर ते कडी-कोयंडा : सातारा-सांगलीतील घरांच्या राखणीची पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घरफोडीची बातमी बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होते : बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला. या वाक्यातले ‘बंद’ आणि ‘कोयंडा’ हे दोन शब्द नीट उलगडून पाहिले, तर गेल्या दोनशे वर्षांत आपल्या घरांची राखण कशी बदलत गेली आणि आज ती नेमकी कुठे कमी पडते, याचा बराचसा उलगडा होतो.

साताऱ्याच्या जुन्या पेठांमध्ये अजून उभ्या असलेल्या एखाद्या वाड्याच्या दारामागे उभे राहून चौकटीलगतच्या भिंतीत हात घालावा. एका बाजूच्या खोबणीत तो खांद्यापर्यंत आत जातो, तर समोरच्या बाजूची खोबण जेमतेम वीतभर खोल असते. दिवसा जाडजूड लाकडी अडसर त्या खोल खोबणीत सरकवून ठेवलेला असे; दिवेलागण झाली की तो ओढून, दाराच्या पाठीमागून आडवा नेऊन, समोरच्या खोबणीत बसवला जाई. बाहेरून कितीही धडका दिल्या, तरी त्यांचा भार बिजागरीवर किंवा कडीवर न येता थेट दगडी भिंतीवर जाई. रात्री कोणी आले तर मोठे दार उघडावे लागत नसे. दारातल्या लहान दिंडीतून, वाकल्याशिवाय शिरता येणार नाही अशा वाटेने, एकेका माणसाला आत घेतले जाई. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांचा कृष्णाकाठचा वाडा पाहतानाही हीच रचना लक्षात येते : बाहेरच्या बाजूला भक्कम भिंती आणि उजेड-वारा घ्यायचा तो आतल्या चौकांतून.

या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. अडसर फक्त आतूनच लावता येतो. म्हणजे घरात कायम कोणीतरी असणार, आजी-आजोबा असतील, बाळंतीण असेल, निदान देवडीवरचा गडी तरी असेल, या विश्वासावरच वाड्याचे दार घडवलेले होते. रिकाम्या घराचे रक्षण करण्याचा विचार त्या सुताराला करावा लागला नव्हता.

मौल्यवान वस्तू दाराच्या भरवशावर न ठेवता भिंतीच्या पोटातल्या बळदात किंवा जमिनीखाली ठेवण्याची रीतही होती. सांगलीजवळच्या हरिपुरातली हळदीची पेवे हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद भरून तोंड मातीने बंद केले, की वरून चालणाऱ्याला खाली काय आहे याचा पत्ता लागत नसे. पेव उघडल्याबरोबर आत उतरणेही शक्य नसते, कारण कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. तोंड बराच वेळ उघडे ठेवून आणि हवेची खात्री करूनच माणूस खाली सोडतात. चोरासाठी याहून अवघड कोठार क्वचितच असेल. मात्र २००५ च्या महापुराने यातल्या बऱ्याच पेवांची हानी केली.

दाराबाहेरची जबाबदारी गावाकडे होती. रामोशी आणि जागल्या रात्रीची गस्त घालत, आणि त्याबद्दल त्यांना वतन किंवा धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. चोरी झालीच तर रामोशाने पावलांचा माग काढायचा, आणि तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचला की पुढची जबाबदारी त्या गावाने घ्यायची, असा दंडक होता. माग लागला नाही तर नुकसानीची भरपाईही राखणदारांवर येत असे. इंग्रजी अमलात, १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने, ही व्यवस्था पोलीस पाटलाच्या हाताखाली बांधली गेली.

त्याच राजवटीने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. पुढे १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि जन्माने एखाद्या जमातीत आलेला माणूस कायद्याने संशयित ठरू लागला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. तरीही चोरी झाली की गावाबाहेरच्या पालांकडे बोट दाखवण्याची सवय पूर्णपणे सुटलेली नाही. या सवयीने निरपराध माणसांचे अतोनात हाल झाले. शिवाय ज्या गावाने संशयित आधीच ठरवून टाकला, त्या गावाला आपल्या दाराची चौकट तपासावीशी वाटली नाही.

गावाने स्वतःच्या राखणीची जबाबदारी स्वतः उचलल्याचे सर्वांत ठळक उदाहरण याच भागातले आहे. १९४३ ते १९४६ या काळात, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच असताना, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने स्वातंत्र्यलढ्याबरोबरच गावांना छळणाऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त करण्याचे कामही केले. त्यासाठी कुंडलसारख्या गावांतील तरुण तुफान सेनेत, म्हणजे प्रतिसरकारच्या स्वयंसेवक दलात, शिकून तयार झाले होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने, म्हणजे रामोशी-जागल्यांसारख्या गावचाकरांची वतने, रद्द झाली. जातीला जखडलेली ती चाकरी संपली हे योग्यच झाले. परंतु रात्री गावातून फिरणारे जे पाऊल तिच्याबरोबर गेले, त्याची जागा घेणारी व्यवस्था बहुतेक गावांत उभी राहिली नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यात पोलीस पाटील राहिला. त्याच्या दिमतीला रोज गस्त घालणारी माणसे मात्र राहिली नाहीत.

याच सुमारास घरेही रिकामी होऊ लागली होती. पाटण, जावळी, खटाव, माण या तालुक्यांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामाला गेली. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायानिमित्त देशभरातल्या सराफी पेठांत पांगली. त्यांनी गावाकडे सुंदर बंगले बांधले. ते जत्रेला, दिवाळीला आणि लग्नसराईत उघडतात आणि एरवी कुलूपबंद असतात. दुसरीकडे पाटाचे आणि विहिरीचे पाणी आले, ऊस वाढला, आणि अनेक कुटुंबे गावठाण सोडून रानातल्या वस्तीवर राहायला गेली. गावात भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली हाक शेजारी सहज ऐकू जाई. वस्तीवरच्या घराला चारी बाजूंनी पुरुषभर उसाचा आडोसा असतो आणि हाकेच्या अंतरावर कोणी नसते.

मग सगळा भार कुलपावर आला. कुलपाची विद्या तोवर बरीच पुढे गेलेली होती. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये असे कुलूप केले होते, की त्यातली प्रत्येक पट्टी किल्लीने नेमक्या उंचीवर उचलल्याशिवाय ते उघडत नसे. आज दुकानदार ‘सात लिव्हरचे’ म्हणून कुलूप दाखवतो, ते याच तत्त्वावर चालते. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला आणि पुढे तिजोऱ्याही केल्या. घराघरांत पितळी कुलूप आले, लोखंडी कपाट आले. पण भक्कम कुलूप ज्या कोयंड्यात अडकवायचे, तो मात्र पातळ पत्र्याचाच राहिला. आज कित्येक बंगल्यांच्या नक्षीदार सागवानी दारावरचा कोयंडा इंचभर लांबीच्या चार स्क्रूंवर उभा असतो. चोराला कुलपाला हात लावण्याची गरजच पडत नाही. कोयंड्याखाली पहार घातली आणि रेटली की स्क्रू लाकडाच्या भुशासकट बाहेर येतात. आणि लोंबणारे कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्याला घर रिकामे असल्याचे दुरूनच सांगून टाकते.

कायद्याची कल्पनाही जुन्या घरावर बेतलेली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत रात्रीची घरफोडी दिवसाच्या घरफोडीपेक्षा गंभीर मानली गेली, आणि हीच विभागणी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्ये कायम आहे : चोरीच्या इराद्याने दिवसा घर फोडले तर १० वर्षांपर्यंत आणि रात्री फोडले तर १४ वर्षांपर्यंत कारावास. रात्री माणसे घरात झोपलेली असतात, त्यांच्या जिवाला धोका असतो, हे खरेच आहे. पण नवरा-बायको दोघेही नोकरीवर आणि मुले शाळेत असलेले घर भरदुपारीही तितकेच निराधार असते.

दागिने बँकेत ठेवण्याची सोय या भागात तशी लवकर झाली. सांगली बँक १९१६ मध्ये आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ मध्ये स्थापन झाली होती. आज दोन्ही मोठ्या बँकांत विलीन झाल्या आहेत. लॉकरबद्दल बँकेची जबाबदारी किती, हा प्रश्न मात्र फार काळ संदिग्ध होता. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर अशा कारणांनी नुकसान झाल्यास बँकेवर वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत जबाबदारी येते. दागिन्यांची किंमत त्याहून जास्त असू शकते, हे लॉकर घेणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे.

अलीकडच्या उपायांपैकी सीसीटीव्हीची चर्चा सर्वांत जास्त होते. रेकॉर्डिंगचे डीव्हीआर टीव्हीशेजारीच ठेवलेले असेल, तर चोर जाताना तेही उचलून नेतात. ते कुलूपबंद कपाटात किंवा माळ्यावर असावे. मला स्वतःला अधिक आश्वासक वाटते ती अनेक गावांनी स्वीकारलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा. संकटातल्या माणसाने एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करायचा, आणि त्याचाच आवाज त्याच क्षणी नोंदणी केलेल्या साऱ्या गावकऱ्यांच्या फोनवर ऐकू जातो. वस्तीवरून गावठाणापर्यंत न पोहोचणारी हाक यामुळे पुन्हा शेजाऱ्याच्या कानी पडते. ती द्यायला घरात कोणीतरी हवे, ही अट मात्र इथेही कायम आहे.

म्हणून बंद घरापुरता विचार दाराशीच येऊन थांबतो. दाराच्या जाडीत बसणारे कुलूप वापरले, तर दाराबाहेर काही लोंबत राहत नाही आणि घर बंद आहे की माणसे आत आहेत हे रस्त्यावरून कळत नाही. त्याची जीभ ज्या पट्टीत शिरते, ती पट्टी लांब स्क्रूंनी चौकट भेदून मागच्या विटांत रुतवलेली असावी. असे केल्याने धडकेचा भार पुन्हा भिंतीवर जातो, जसा तो अडसराच्या काळात जात असे.