अँटेना जास्त म्हणजे वेग जास्त, हे खरे नाही

"वाय-फाय मंदावले की राऊटर निकामी झाला, जास्त अँटेनांचा नवा घ्या," असा संदेश बऱ्याच वर्षांपासून फिरतो आहे. तो पटण्याजोगा वाटतो. परंतु घेतलेल्या इंटरनेट योजनेच्या मर्यादेपलीकडे वेग कोणतीही अँटेना नेऊ शकत नाही. म्हणून प्रथम लॅपटॉप राऊटरला केबलने जोडून वेग मोजावा. केबलवर तो पूर्ण मिळत असेल आणि केवळ वाय-फायवर कमी पडत असेल, तर लाइन ठीक आहे आणि अडचण बहुधा भिंतींची किंवा जागेची आहे. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत दगडमातीच्या जाड भिंती वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या लहरी फार अडवतात; तेथे २.४ गिगाहर्ट्झची जोडणी अधिक दूर पोहोचते आणि राऊटर मधल्या खोलीत उंचावर ठेवल्यानेही बराच फरक पडतो. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल, तर दोष लाइनचा आहे आणि नव्या राऊटरवरचा खर्च वाया जाईल. राऊटर वारंवार आपोआप बंद-चालू होत असेल, तर आधी तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. जोडणीचे युजरनेम व पासवर्ड लिहून ठेवून फॅक्टरी रिसेट (राऊटरच्या सर्व सेटिंग पुसून मूळ स्थितीत आणणे) केल्यावरही केबलवरची जोडणी तुटत राहिली आणि दुसऱ्या राऊटरवर तीच लाइन नीट चालली, तरच राऊटर बदलावा.