कारेलचे तीन टाके आणि लेसर

राजेंद्रनगरची आपली मराठी मंडळी ज्याला ‘कॅट रोड’ म्हणतात, तो इंदूरच्या लेसर संशोधन केंद्राकडे जातो. १९८४ मध्ये कोनशिला बसली, २००५ मध्ये अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव मिळालं, पण तोंडी ‘कॅट’ (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) हे जुनंच नाव राहिलं. शस्त्रक्रियेसाठीचे कार्बन डायऑक्साइड लेसर इथेही तयार झाले. लेसरने रक्तवाहिन्याही सांधता येतात, आणि त्यासाठी हाही लेसर वापरला गेला. कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत सी. के. एन. पटेल यांनी शोधला. पटेल जन्माने बारामतीचे, शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. आपल्या मुलांना हे माहीत असायलाच हवं.

रक्तवाहिनी सांधण्याची गोष्ट मात्र सुईपासून सुरू होते. फ्रान्समधल्या लिआँचे शल्यविशारद अ‍ॅलेक्सिस कारेल यांनी १९०२ मध्ये युक्ती मांडली: कापलेल्या टोकांना तीन टाके घालून ताणायचं, म्हणजे गोल तोंडाचा त्रिकोण होतो आणि एकेक सरळ बाजू शिवता येते. त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. पुढे १९६० मध्ये ज्युलियस जेकबसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम दीड मिलिमीटरच्या वाहिन्या शिवून दाखवल्या. त्याच वर्षी थिओडोर मैमन यांनी जगातला पहिला लेसर चालवून दाखवला.

इतक्या बारीक कामात धागा केसाहूनही बारीक लागतो. तरी तो शरीराला परकाच. टाक्यापाशी रक्त गोठलं की वाहिनी तुंबते आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून १९७९ मध्ये के. के. जैन आणि गोरिश यांनी उंदरांच्या बारीक वाहिन्या निओडिमियम-याग या स्फटिकाच्या लेसरने सांधल्या, तेव्हा केवढी आशा वाटली असेल! नंतर कार्बन डायऑक्साइड आणि आर्गॉन लेसरही वापरून झाले.

काम असं चालतं: टोकं भिडवून किरण फिरवला की कडा किंचित आक्रसतात, रंग बदलतो. साधारण ६० ते ७० अंशांना भिंतीतल्या कोलॅजन या प्रथिनाचे पीळ सुटतात आणि निवताना एकमेकांत गुंततात. उष्णता थोडी कमी पडली तर सांधा उसवतो, जास्त झाली तर भिंत भाजते. पहिले काही दिवस सांधा कच्चाच असतो. पुढे तिथे फुगाही येऊ शकतो. टोकं धरून ठेवायला तीन-चार टाके लागतातच, म्हणजे कारेल काही सुटले नाहीत.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या टुलेकेन यांचं काम. मेंदूच्या बायपासमध्ये, म्हणजे रक्ताला नवी वाट करून देताना, त्यांनी नवी वाहिनी आधी टाक्यांनीच शिवली आणि मग आतून एक्सायमर हा अतिनील किरणांचा लेसर नेऊन मूळ वाहिनीच्या भिंतीला गोल खिडकी पाडली. एवढं होईपर्यंत मेंदूचं रक्त वाहतंच राहतं.