अंटार्क्टिकाची तयारी: औलीचा बर्फ आणि अपेंडिक्सचा वाद

लष्करातल्या एखाद्या मराठी घरातलं पोरगं अंटार्क्टिकाला निघालं की घरचे आधी ट्रंकेतले स्वेटर बाहेर काढतात. त्यांचा फारसा उपयोग नसतो, ध्रुवीय कपडे मोहिमेकडूनच मिळतात. खरी तयारी शरीराची असते आणि गेल्या चाळीस वर्षांत ती बरीच बदलली आहे. त्याआधीची स्कॉट-अमुंडसेनची शर्यत शाळेत वाचलेली असतेच, ती इथे सोडून देतो.

भारताची पहिली तुकडी ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर पोहोचली. २१ माणसं होती. वाटेतच महिना जायचा, त्यामुळे थंडीची आणि एकमेकांची सवय आपोआप व्हायची. पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, हिमफळीवर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फावर बांधलं आणि काही वर्षांतच बर्फात गाडलं गेलं. म्हणून मैत्री हे दुसरं केंद्र १९८९ मध्ये शिर्माखर भागातल्या उघड्या खडकावर उभारलं. पुढे केप टाउनहून मालवाहू इल्युशिन विमानं सुरू झाली आणि महिन्याचा प्रवास सहा तासांवर आला. जड सामान अजूनही जहाजानेच जातं. माणसाला मात्र रुळायला वेळच उरला नाही. ती कसर काढायची म्हणून दिल्लीतल्या वैद्यकीय आणि मानसिक तपासणीनंतर उत्तराखंडात औलीला बर्फावरचं प्रशिक्षण असतं. तिथे दोर बांधून चालायला, हिमभेगेत पडलेल्या माणसाला वर ओढायला आणि तंबूत राहायला शिकवतात.

यातलं तंबूचं प्रकरण सर्वांत गंभीर. जानेवारी १९९० मध्ये भारतीय मोहिमेतले चार जण तंबूत कार्बन मोनॉक्साइडने दगावले. या वायूला ना रंग, ना वास. ग्वाल्हेरच्या जानेवारीत बंद खोलीत सिगडी ठेवून झोपणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच, विष तेच. म्हणून तंबूत काहीही जळत असेल तर हवेची वाट उघडी ठेवायची, मग बाहेर हिमवादळ का असेना.

घरोघरी वाद होतो तो वेगळ्याच गोष्टीवर: जाण्याआधी चांगलं असलेलं अपेंडिक्स काढून टाकायचं का? कुणीतरी ऐकीव गोष्ट सांगतं आणि आई हबकते. ती गोष्ट मात्र खरी आहे. मैत्रीपासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर नोवोलाझारेव्स्काया हे रशियन केंद्र आहे. तिथे ३० एप्रिल १९६१ ला तुकडीतल्या एकमेव डॉक्टरचं अपेंडिक्स फुटायला आलं. वय २७. विमान येणं शक्य नव्हतं. त्याने पोटावर भुलीची इंजेक्शनं घेतली. एका साथीदाराने आरसा धरला, पण त्यात सगळं उलटं दिसत असल्याने त्याने बरंचसं काम बोटांनी चाचपून केलं. पावणेदोन तासांत स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. दोनेक आठवड्यांत गडी कामावर हजर.

त्याआधी, १९५० मध्ये, दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटावर एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरला हेच दुखणं झालं आणि त्याला आणायला युद्धनौका धाडावी लागली. तेव्हापासून त्या देशात हिवाळी मुक्कामाच्या डॉक्टरने अपेंडिक्स काढूनच जायचं, असा शिरस्ता पडला. चिलीच्या अंटार्क्टिक वस्तीत तर राहायला येणाऱ्या कुटुंबांनाही हीच अट होती.

मला डॉक्टरपुरती अट पटते. त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारा दुसरा कोणी तिथे नसतो. सरसकट सगळ्यांना मात्र ती लावणं अतिच आहे. अपेंडिसायटिस आयुष्यभरात शंभरातल्या सात-आठ जणांना होतो, एका वर्षापुरतं पाहिलं तर तरुणांत हजारी एखाद्याला. उलट शस्त्रक्रियेनंतर पोटात आतडी चिकटून पुढे अडथळा होण्याची शक्यता उरतेच, आणि तो अडथळा ध्रुवावर झाला तर अपेंडिक्सपेक्षाही अवघड. शिवाय आता अँटिबायोटिक्सवर बऱ्याच जणांना निभावून नेता येतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही पोकळ नाही: फेब्रुवारी-मार्चनंतर थेट नोव्हेंबरपर्यंत विमान नाही, आणि हजारातला तो एक आपलाच मुलगा निघाला तर? तरी मी म्हणेन, आधी दाढा दाखवा. किडका दात त्या मुक्कामात अपेंडिक्सपेक्षा कितीतरी अधिक वेळा छळतो.

अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठीच्या १९९१ च्या माद्रिद करारानंतर तयारीत आणखी एक काम वाढलं, सामान झाडायचं. बुटांच्या खाचा, बॅगांचे कप्पे आणि वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने एकेक करून काढावी लागतात, कारण परकं बीज तिथे न्यायला बंदी आहे. याच करारामुळे स्लेज ओढणारे कुत्रेही १९९४ पर्यंत तिथून हलवले गेले. कचऱ्याचे नियम तर फारच कडक झाले. मैला कुजवणारे थंडीतले जिवाणू शोधण्यात आपल्या ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेचा मोठा हात आहे, आणि त्यांतले काही अंटार्क्टिकाहूनच आणलेले. या जिवाणूंवर चालणारी, सियाचीनच्या जवानांसाठी केलेली शौचालयाची टाकी पुढे रेल्वेच्या डब्यांखाली आली.

उत्तर ध्रुवाकडचं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं भारताचं हिमाद्री केंद्र २००८ मध्ये सुरू झालं आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही भारतीय राहू लागले. तिथली तयारी निराळी. तिथल्या मुख्य गावाचं, लाँगयिअरबायेनचं रुग्णालय छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत गाठता येतं, त्यामुळे अपेंडिक्सची चर्चाच होत नाही. तिथे वस्तीबाहेर पाय टाकण्याआधी बंदूक चालवायला शिकावं लागतं, पांढऱ्या अस्वलांसाठी.