कलमाची कलमकारी आणि ठशाची कलमकारी

साड्यांच्या प्रदर्शनात ‘कलमकारी’ नावाची दोन कापडं शेजारीशेजारी टांगलेली असतात आणि किमतीत कितीतरी पटींचा फरक असतो. विकणारा फसवतोय असं लगेच समजू नका. आंध्रात याच नावाने दोन ठिकाणी दोन वेगळी कामं चालतात.

श्रीकाळहस्तीला खरोखरच कलम चालतं. बांबूच्या काडीला टोक काढायचं, टोकाच्या जरा वर लोकरीचा किंवा कापडाचा बोळा दोऱ्याने आवळायचा, तो शाईत बुडवायचा आणि बोटांनी दाबत रेघ ओढायची. कापड आधीच हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवलेलं असतं. दुधातल्या स्निग्धतेमुळे शाई फुटत नाही. शाई म्हणजे गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून केलेली ‘कसिमी’. रेघ ओढली तेव्हा फिकी दिसते. हिरड्याला लोखंड भेटलं की बघताबघता काळी होते. देवळांत टांगायचे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांचे पडदे ही इथली जुनी ओळख.

मछलीपट्टणम आणि जवळच्या पेडन्याला सागवानी ठसे चालतात. हिरडा तोच, लोखंडाचं काळंही तेच. फक्त ठशावर दाट बसावं म्हणून डिंक मिसळतात. तुरटीचा ठसा मारून कापड लाल रंगात उकळलं की तुरटीच्या जागीच लाल धरतो. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत हा माल इराणला जाई, म्हणून इथे देवादिकांपेक्षा वेली, फुलं आणि जाळ्या जास्त.

ओळखायला एकच नक्षी दोन ठिकाणी शोधा. ठशातला दुसरा मोर पहिल्याचीच प्रत असतो, आणि जिथे ठसा संपून पुढचा सुरू होतो तिथे रेघ केसभर सरकलेली सापडते. कलमाच्या कामात दोन मोरांच्या चोची कधी जुळत नाहीत. रेघही कुठे जाड, कुठे बारीक. सगळं तंतोतंत असेल, जोड कुठेच दिसत नसेल, तर ती बहुधा स्क्रीन प्रिंट. कलमकारीच्या नावाने बाजारात तीच सर्वांत जास्त खपते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

ठशाचं काम मात्र हलकं मानू नका. रंगागणिक वेगळा ठसा नेमक्या जागी बसवायला वर्षांचा हात लागतो. ब्लाउजसाठी मी ठशाचंच कापड घेते. हाताने काढलेल्या सीतेचा चेहरा बाहीच्या शिवणीत गेलेला मला बघवत नाही.