गोळी सापडली, पण नेमकी कुठे?

१८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धाच्या बऱ्याच लढाया शेतांतच झाल्या. व्हर्जिनियात त्यातली कितीतरी शेतं आजही खासगी मालकीची आहेत. मालकाची परवानगी घेऊन मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्यांना तिथे हमखास सापडतात त्या शिशाच्या गोळ्या. मातीत शिशावर लेड कार्बोनेटचा थर चढतो, म्हणून त्या पांढुरक्या दिसतात. बुडाशी पोकळ आणि कडेला तीन खाचा असलेली मिनिए गोळी तर लगेच ओळखू येते. ती चेपली नसेल आणि नळीतल्या आट्यांचे, म्हणजे आतल्या पिळदार खाचांचे, वळही अंगावर नसतील, तर ती झाडलेलीच नाही. बहुधा घाईघाईने बंदूक भरताना हातातून निसटलेली. चेपली असेल, तर कशावर तरी आदळलेली.

एवढं एकट्या गोळीवरून कळतं. पण निसटलेल्या गोळ्या एका रेषेत मिळाल्या आणि आदळलेल्या समोरच्या उतारावर, तर सैनिक कुठे उभे होते आणि कुणीकडे मारा करत होते, तेही उलगडतं. त्यासाठी प्रत्येक गोळीची जागा लिहिलेली हवी. माझ्या मते या छंदातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे, आणि खिशात टाकलेल्या गोळीबरोबर ती कायमची जाते.

डिटेक्टरच्या तबकडीत बहुधा दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. एकीतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. त्यांचं क्षीण क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. हे उत्तर किंचित उशिरा येतं. किती उशिरा, हे धातूची वाहकता आणि वस्तूचा आकार यांवर ठरतं, म्हणून शिसं आणि लोखंड वेगळं ओळखता येतं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच प्रवर्तनाच्या तत्त्वावर शोधायचा प्रयत्न केला होता. ती सापडली नाही.

खिळे आणि तारा टाळायला बरेच जण लोखंडाचा आवाज बंद करून ठेवतात. मग तोफगोळ्यांचे तुकडेही सुटतात, आणि तोफखाना लढाईच्या नकाशातून नाहीसा होतो. अखंड तोफगोळा मिळाला तर मात्र त्याला हात लावू नये, थेट पोलिसांना कळवावं. त्यातली काळी बंदुकीची दारू दीडशे वर्षांनंतरही पेट घेते. २००८ मध्ये व्हर्जिनियातल्या एका संग्राहकाचा असाच गोळा फुटून मृत्यू झाला.

न्यू जर्सीतल्या मॉनमथच्या रणभूमीवर, जिथे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात २८ जून १७७८ ला ब्रिटिशांशी लढाई झाली, पुरातत्त्वज्ञ डॅनियल सिव्हिलिच यांनी स्वयंसेवकांना बरोबर घेऊन डिटेक्टरने पाहणी केली. आदळून वेडीवाकडी झालेली मस्केटची, म्हणजे गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीची, गोळी मोजायची कशी, हा प्रश्न होता. तिचा आकार बदलला तरी वजन फारसं घटत नाही. म्हणून त्यांनी सूत्र मांडलं: ग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ काढून त्याला ०.२२३२०४ ने गुणलं की मूळ व्यास इंचांत मिळतो. ३० ग्रॅमच्या गोळीचा व्यास येतो ०.६९ इंच, म्हणजे ती ब्रिटिश सैन्याच्या ब्राउन बेस मस्केटची असण्याचा संभव मोठा. २३ ग्रॅमला ०.६३ इंच येतो, तो फ्रेंच मस्केटला जुळतो, आणि अमेरिकनांकडे फ्रेंच मस्केटं होती.

मोंटानातलं लिटल बिगहॉर्न याहून बोलकं. १८७६ मध्ये अमेरिकी सैन्याचा अधिकारी कस्टर आणि त्याच्याबरोबरचे सुमारे २१० जण तिथे मूळ अमेरिकन योद्ध्यांशी लढताना मारले गेले. १९८३ च्या वणव्याने गवत जळालं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली डिटेक्टरवाले ओळीने चालले. सापडलेल्या जागी प्रत्येकाने झेंडी रोवली, वस्तू उचलली नाही. मोजमाप झाल्यावरच ती हलवली गेली. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवर आघात-टाचणीची, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या टाचणीची, खूण उमटते आणि ती प्रत्येक बंदुकीची थोडी वेगळी असते. सारख्या खुणांच्या पुंगळ्या नकाशावर जोडल्यावर एकेक बंदूक टेकडीवरून कशी फिरली ते दिसलं. कस्टरविरुद्ध लढलेल्या लाकोटा आणि शायेन जमातींच्या योद्ध्यांकडे कितीतरी प्रकारच्या बंदुका होत्या, त्यांत हेन्री आणि विंचेस्टरसारख्या भराभर झाडता येणाऱ्या रायफलीही होत्या, हेही सिद्ध झालं.

अशी शिस्त खासगी शेतात कुणी सक्तीने लावत नाही. १९७९ चा पुरातत्त्व संपदा संरक्षण कायदा संघराज्याच्या आणि आदिवासी जमातींच्या जमिनींवरच्या शंभर वर्षांहून जुन्या अवशेषांना लागू आहे; तिथे परवान्याशिवाय खणणं गुन्हा ठरतो. खासगी जमिनीवर सहसा मालकाची संमती पुरते, दफनस्थळांना मात्र राज्यांचे वेगळे कायदे आहेत. त्यामुळे नोंद ठेवायची की नाही, हे डिटेक्टर धरणाऱ्यावरच राहतं. नांगरटीच्या थरात वस्तू वरखाली झालेल्या असतात, आडव्या मात्र त्या मानाने कमी सरकतात, म्हणून तिथे केलेली नोंदही कामाची असते. नांगर पोहोचला नाही त्या खोलीवर आवाज आला तर थांबून पुरातत्त्वज्ञाला बोलवावं. बाकीच्या वस्तूंसाठी एक पिशवी, एक क्रमांक, जीपीएसचे अंक आणि खोली एवढं पुरे. घरी आल्यावर गोळीवरचा पांढरा थर घासून काढू नये: त्याखालचे वळ आणि ओरखडे त्याच्याबरोबर निघून जातात.