अर्धा मिलिमीटर तार

रॉक गिटारवादकांत जिमी हेंड्रिक्स मोठा की जिमी पेज, हा वाद लातूरच्या होस्टेलात एकदा पेटला की मेस बंद झाली तरी विझत नाही. बहुतेक जण वेग मोजतात. वेग सरावाने येतो हो. वादकाची खरी पारख होते ती तार ओढताना. गिटारवाले त्याला बेंड म्हणतात, सतारवाले मींड.

गोंधळ्याने तुणतुण्याची खुंटी पिळली की सूर चढतो. बेंडमध्ये तेच काम बोट तार आडवी ओढून करतं. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पूर्ण एक स्वर चढवायचा तर कंपनसंख्या सुमारे १२ टक्के वाढायला हवी, म्हणजे ताण २६ टक्के. इलेक्ट्रिक गिटारची ०.०१७ इंची तिसरी तार साधारण साडेसात किलोच्या ताणावर असते; ती साडेनऊवर न्यावी लागते. एवढ्यासाठी पोलादी तार लांबते किती? जेमतेम अर्धा मिलिमीटर!

गिटारच्या दांडीवरच्या सातव्या पट्टीवर, म्हणजे पडद्यावर, त्यासाठी बोट आडवं ११ मिलिमीटर सरकतं. गंमत अशी, की तारेची लांबी सरकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पहिल्या अर्ध्या स्वराला साडेसात मिलिमीटर लागतात, पुढच्या अर्ध्याला फक्त साडेतीन. शेवटी एक मिलिमीटर जास्त गेलं, की सूर अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाने चढा. नवशिक्यांचे बेंड बेसूर होतात ते इथेच. म्हणून अनामिकेने ओढताना मागे दोन बोटांचा आधार द्यावा, अंगठा गिटारच्या मानेवरून, म्हणजे दांडीवरून, अडकवावा आणि जोर मनगटातून काढावा. तार सोडल्यावर सूर उतरलेला राहिला, तर ती नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं घासावं.

तार जाड घेतली तरी त्याच सुराला बोट तेवढंच सरकतं, जोर मात्र वाढतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन अर्धा स्वर उतरवून वाजवायचा, पण पहिली तार ०.०१३ ची. नेहमीच्या ०.०१० च्या तारेपेक्षा ताण दीडपट! उलट ‘ब्लॅक सॅबथ’ या हेवी मेटल बँडच्या टोनी आयोमीने १७व्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं गमावली. त्याने बारीक तारा लावल्या आणि पुढे गिटार तीन अर्धस्वर उतरवली. ताण थेट २९ टक्के कमी. हेवी मेटलच्या त्या जडशीळ आवाजामागे दुखरी बोटंही आहेत. या दोघांत मोठा कोण, ते तुम्हीच ठरवा.

‘ए’ हा आधारसूर नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झवर लावला की रोग बरे होतात, असे व्हिडिओ फिरतात. त्याने तारेचा ताण साडेतीन टक्क्यांनी कमी होतो, बाकी काही नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. विश्वाला ४३२ हा आकडा ठाऊक असायचं कारण नाही.

परभणीच्या मे महिन्यात मात्र ताण खरोखर बदलतो. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने प्रसरण पावतं, मानेचं लाकूड त्याहून बरंच कमी. म्हणून तापलेली तार उतरते. उन्हातल्या डिकीतून काढलेली गिटार तशीच सुरात लावली, तर एसी सभागृहात दुसऱ्या गाण्यापर्यंत ती चढलेली असेल. अर्धा तास आधी मंचावर नेऊन ठेवा आणि मगच खुंट्यांना हात लावा.